उमादेवी ऊर्फ टुनटुन
(ज्ञातिमंडळाच्या वधूवर मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मंगलप्रसंगी आम्ही एका चित्रपटनटीविषयी बोलणार, हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु विषय दिसतो तितका अप्रस्तुत नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीतील पहिली विनोदी अभिनेत्री म्हणून जिचा लौकिक झाला, त्या टुनटुनचे खरे नाव उमादेवी खत्री. आजच्या उत्तर प्रदेशात १९२३ साली त्यांचा जन्म झाला. कळते वय होण्यापूर्वीच मातापित्यांचे छत्र हरपले. बालपण नातलगांच्या घरी कष्टांत सरले. गुरू लाभला नाही, पण गाण्याचा ध्यास सुटला नाही. त्या ध्यासापायी घर सोडून त्या एकट्या मुंबईस आल्या व संगीतकार नौशाद यांच्या दारी उभ्या राहिल्या. ‘दर्द’ (१९४७) या चित्रपटात मुनव्वर सुलताना हिच्यासाठी त्यांनी गायिलेले गीत घरोघरी पोहोचले. मद्रासच्या ‘चंद्रलेखा’च्या (१९४८) हिंदी आवृत्तीतही त्या गायिल्या.

पुढे नव्या गायिकांचा उदय झाला आणि उमादेवींना गाणी मिळेनाशी झाली. तेव्हा नौशाद यांनीच त्यांना विनोदी अभिनयाकडे वळविले. ‘बाबुल’ (१९५०) मध्ये दिलीपकुमार यांच्यासमवेत त्या पडद्यावर आल्या. ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’ या गुरुदत्त यांच्या चित्रपटांतही त्या चमकल्या. भूमिका बहुधा चार घटकांच्या. पण त्यांचे पाऊल पडताच प्रेक्षागृह हास्याने दुमदुमे. २००३ साली मुंबईत त्या निवर्तल्या.

जिचा स्वर ऐकून लोक गहिवरत, तिचा देह पाहून लोक हसू लागले. उमादेवींनी त्या हसण्याची भाकरी केली, हा त्यांचा पराक्रम. परंतु त्यांचे नाव आपण देशभरच्या स्थूल मुलींना चिकटविले, हा आपला अपराध.

त्या अपराधात आम्हीही वाटेकरी आहोत. आमच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. आवाज गोड, म्हणून शाळेची प्रार्थना तीच सांगे. एके दिवशी मागील बाकावरून कोणी ‘टुनटुन’ म्हणून ओरडले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती प्रार्थनेस पुढे आली नाही. आम्ही कारण विचारले नाही, कारण ते आम्हांस ठाऊक होते.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाच्या परिचयपत्रकात वर्ण आणि बांधा यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. गुणांसाठी मात्र अर्धी ओळ. पुढील वर्षी ते दोन रकाने काढून ती ओळ पुरी करावी, अशी कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे. एका गप्प झालेल्या गळ्याचे ऋण आम्हांवर आहे. ते फिटणार नाही. निदान वाढू तरी नये.