धोट्याचे भोक आणि माणसाचे तोंड

(नागापूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आम्ही काही व्याख्याते नव्हे. पोरांकडून बाराखडी गिरवून घ्यावी, पाढे घोटवून घ्यावे, हा आमचा धंदा. त्यातच चाळिशी उलटली. तेव्हा मोठमोठी वाक्ये ऐकावयास मिळतील अशी आशा धरून कोणी येथे बसले असेल तर त्याची निराशा होईल. आम्ही एक वस्तू बरोबर आणली आहे. ती हातोहात फिरवा, नीट निरखून पाहा, आणि मग आम्ही काय म्हणतो ते ऐका.

ही वस्तू म्हणजे धोटा. साळी, कोष्टी, पद्मशाली मंडळींना तो सांगावयास नको. नगरच्या पेठांतून कित्येक पिढ्या लुगडी विणली गेली ती ह्याच्याच जोरावर. पण शेतकरी बांधवांसाठी दोन शब्द सांगतो. मागावर उभे दोरे ताणलेले असतात, तो ताणा. त्यांतून आडवा दोरा घालावयाचा, तो बाणा. हा बाणा इकडून तिकडे नेणारी ही लाकडी होडी. दोन्ही टोकांना पोलादी टोपणे, मध्ये पोकळी, पोकळीत सुताची कांडी, आणि बाजूला हे बारीक भोक. कांडीवरचा दोरा ह्या भोकातून बाहेर पडतो. आजचे आमचे सारे बोलणे ह्या भोकाविषयी आहे.

हा धोटा आमच्या शाळेतील एका मुलाने आणला. त्याचे पणजोबा मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या ट्रंकेत तो पडून होता. वर्गात सगळी पोरे त्याभोवती जमली. एकाने विचारले, ‘‘गुरुजी, दोरा ह्या भोकातून बाहेर कसा काढायचा?’’ आम्ही सांगितले, ‘‘तोंड लावून ओढायचा.’’ पोरे हसली. हसण्यासारखेच आहे, पण ह्या हसण्यामागे केवढे रडणे आहे, ते तुम्हांस सांगावयाचे आहे.

1733 साली इंग्लंडात जॉन के नावाच्या कारागिराने दोरी ओढताच आपोआप धावणारा धोटा काढला. 1785 साली एडमंड कार्टराइट याने यंत्रावर चालणाऱ्या मागाचे पेटंट घेतले. 1854 साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढे आपल्या घाटावरची व कोकणातली माणसे पोटासाठी गिरणीच्या भोंग्यामागे धावू लागली. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीस पहिला यंत्रमाग बसविला. माग हाताचा जाऊन वाफेचा झाला, वाफेचा जाऊन विजेचा झाला. पण साध्या मागाच्या धोट्याचे भोक होते तसेच राहिले.

यंत्रमागावर धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो. कांडी बघता बघता संपते. मग साचेवाल्याने माग थांबवावयाचा, नवी कांडी घालावयाची, दोऱ्याचे टोक आतून भोकाशी आणावयाचे, आणि बाहेरून भोकाला ओठ लावून जोराने श्वास आत घ्यावयाचा. दोरा फटकन तोंडात येतो. लँकेशायरचे विणकर ह्याला ‘धोट्याचा मुका घेणे’ म्हणत. हा मुका एकदोनदा नव्हे, दिवसातून शेकडो वेळा. दोऱ्याबरोबर सुताची धूळ, मागाचे तेल, सुताचा रंग हे सारे तोंडात. आणि धोटा काही एकाच माणसाचा नसतो. दिवसपाळीचा गेला की रातपाळीचा येतो, साचेवाला आजारी पडला की बदली येतो. ज्याच्या छातीत क्षय आहे त्याचे ओठ जेथे टेकले, तेथेच दुसऱ्याने ओठ टेकावयाचे. अंधाऱ्या, दमट खात्यात आधीच खोकला. त्यावर ही भर.

हे आम्ही पोरांना सांगत होतो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘गुरुजी, माझे पणजोबासुद्धा मुंबईला गिरणीत होते. पण ते जन्मभर रिंगखात्यात होते. साच्यावर पैसे जास्त मिळायचे, पण तिथे घेत नव्हते, असे आजी सांगते. का घेत नव्हते?’’

बंधूंनो, तेवीस वर्षे शिकवितो आहोत, पण त्या दिवशी खडू हातात घेऊन आम्ही मुकाट्याने उभे राहिलो. उत्तर ठाऊक नव्हते असे नव्हे. ते पोरीच्या तोंडावर कसे सांगावे, हे सुचत नव्हते.

उत्तर ह्या भोकात आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांना सूतकताईच्या खात्यांत काम मिळे. विणाईच्या साचाखात्यात, जेथे कामावर मजुरी आणि ती इतर खात्यांहून चांगली, तेथे मात्र त्यांस मज्जाव असे. कारण काय? तर ह्यांनी धोट्याला तोंड लावले की धोटा बाटतो, आणि तोच धोटा उद्या आम्हांस तोंडाला लावावा लागेल!

आता हा विटाळ किती खरा, ते पाहू. मागावर धोट्याला तडाखा मारून फेकतो तो पिकर. तो म्हशीच्या कच्च्या चामड्याचा असे. मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धोट्याचे तोंड त्या चामड्यावर आदळत होते, तेव्हा धोटा बाटला नाही. ताण्याच्या दोऱ्यांना जी खळ देत तीत चरबी घालीत. त्या चरबीने कापड बाटले नाही. क्षयाच्या रोग्याची थुंकी त्याच भोकाला लागत होती; ती पवित्र होती! बाटविणारी काय ती एका गरिबाची थुंकी. अहो, विदर्भात ह्याच महार समाजातील पुष्कळ घरे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणीत होती, आणि गावचा कुणबी ते अंगावर घालीत होता. ज्यांच्या हातचे कापड अंगाला चालले, त्यांच्या हातचा धोटा गिरणीत चालेना!

आणि येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलावयाची आहे. ती ऐकून कोणी रागावू नये. रागावला तरी आम्ही ती गिळणार नाही. हे दार कोणी लावून धरले? भटजींनी पोथी दाखवून हे केले असे म्हणून आम्ही हात झटकू, तर ते खोटे होईल. भटजी काही साच्यावर उभे नव्हते. साच्यावर उभे होते ते आमचेच, तुमचेच काकेमामे. विटाळाची विद्या दुसऱ्याची असेल, पण पहारेकरी आम्ही झालो. जोतीरावांचे नाव घ्यावयाचे आणि धोट्याला कोणी तोंड लावावे ह्यावर जात विचारावयाची, हा कोणता सत्याचा शोध?

1928 साली मुंबईत कापड गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत लाख-दीड लाख कामगार बाहेर होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांस रोखठोक विचारले की, तुम्ही मालकांच्या अन्यायाविरुद्ध उठला आहात, मग आमच्या माणसांना साचाखात्यात येऊ देत नाही, हा अन्याय नव्हे काय? तेव्हा ती मागणी मागण्यांच्या यादीत आली. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असला तरी तो आमचा नव्हे. मालकाला बोट दाखवावयास जागा कोणी दिली? आमच्याच फुटीने दिली. पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला, म्हणजे आपल्या नागापुरावरून जाणाऱ्या ह्याच रस्त्याच्या पुढच्या गावी, रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, कामगारांचे शत्रू दोन, एक ब्राह्मणशाही व दुसरी भांडवलशाही; आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणाच्याही अंगी असो. ह्या धोट्याकडे पाहिले की त्या बोलण्याचा अर्थ उमगतो.

आता पुन्हा भोकाकडे वळू. ह्या भोकाला दुसरा इलाज नव्हता काय? होता, आणि फार सोपा होता. धोट्याच्या वरच्या कडेपासून भोकापर्यंत एक खाच पाडावयाची. नवी कांडी घातली की दोरा बोटाने त्या खाचेत सरकवावयाचा आणि जरा ओढावयाचा. दोरा आपोआप भोकात जाऊन बसतो. आत एक लहानशी वळणदार शिंगी ठेवली की तो परत बाहेर निसटत नाही. झाले! ओठाचे काम संपले.

ही खाच अमेरिकेत 1890 च्या दशकात निघाली. तेथे मॅसॅच्युसेट्स प्रांतात ड्रेपर कंपनीच्या कारखान्यात जेम्स नॉर्थ्रप नावाच्या कारागिराने चालत्या मागात आपोआप कांडी बदलणारे यंत्र तयार केले. यंत्राने बदललेल्या कांडीचा दोरा भोकातून ओढावयास यंत्राला तोंड कोठून आणणार? म्हणून आपोआप ओवला जाणारा धोटा काढावा लागला. नीट ध्यानात घ्या: ही खाच विणकराच्या छातीची कीव येऊन पडलेली नाही. एका माणसाकडून जास्त माग चालवून घ्यावेत, म्हणून पडली. पण एकदा उपाय डोळ्यांपुढे आल्यावर लोकांना मागता आले. 1911 साली त्याच मॅसॅच्युसेट्स प्रांताने तोंडाने दोरा ओढण्यास कायद्याने बंदी केली. इंग्लंडात मात्र असे धोटे हळूहळू बंद करण्याचे नियम व्हावयास 1952 साल उजाडले. कामावर मजुरी असल्याने विणकरालाही ओठाचा झटका सोयीचा वाटे. घडीभराची बचत म्हणजे दिडकीची भर. रोग उद्याचा, दिडकी आजची!

म्हणजे 1928 साली मुंबईत विटाळाचा वाद चालला होता, तेव्हा उपाय निघून तीसहून अधिक वर्षे झाली होती. अडचण खरोखर थुंकीची असती, तर खाचेचा धोटा आणून ती एका दिवाळीत संपली असती. साचेवाल्याचा क्षयही टळला असता. ज्या भोकाने एकाला दाराबाहेर ठेवले, त्याच भोकाने दुसऱ्याला दाराच्या आत मारले. स्वतःच्या मरणाच्या वाटेवर पहारा करण्यात ज्या जातीला भूषण वाटले, तिला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, मास्तर, यंत्रे सुधारणे हे साहेबांचे काम. आपण खेड्यातली माणसे. तर ऐका. जपानात साकिची तोयोदा हा एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना पाहून त्याने मागात सुधारणा करावयास घेतली. 1924 साली त्याने न थांबता धोटा बदलणारा माग पुरा केला, आणि 1929 साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट कंपनीने लाख पौंड देऊन घेतले. ज्या देशाने जगाला माग शिकविले, त्याने सुताराच्या पोराकडून माग घेतला. फार लांब जावयास नको. आपल्या नगरातच विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल साहेबांनी सुधारलेला हातमाग बनविला; तो ‘चर्चिल माग’ म्हणून नावाजला. जागा हीच, पाणी हेच. मग आमच्या सुताराच्या, लोहाराच्या, साळ्याच्या पोराचे नाव एखाद्या यंत्राला का नसावे?

आता काळ पालटला आहे. अस्पृश्यता 1950 सालच्या संविधानाने गुन्हा ठरली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथे धोट्याचे माग अजून खडखडत आहेत. पण बिनधोट्याचेही पुष्कळ आले आहेत. त्यांत हवेच्या वा पाण्याच्या झोताने किंवा पोलादी पट्टीने दोरा पलीकडे जातो. तेथे भोकही नाही आणि ओठही नाही. तेव्हा कोणी म्हणेल, मेलेले मढे का उकरता?

तर त्याचे कारण असे. भोक बुजले, पण खोड गेली नाही. शहरांच्या गटारांत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटार साफ करणारी यंत्रे आहेत. तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे तुम्हांस ठाऊक आहे. धोट्याची खाच तीस वर्षे तयार असून आली नाही, तसेच हे आहे. यंत्र नाही म्हणून माणूस मरत नाही. मरणारा आपला नाही असे वाटते, म्हणून यंत्र येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची सभा काढून मागणी लावून धरली, तेव्हा 1890 साली रविवारची सुटी मिळाली. न मागता मालकाने रविवारसुद्धा दिला नाही. मग यंत्र कोण देणार?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. घरी गेल्यावर आपापली हत्यारे एकदा पाहा. कोणते कोणाचे बोट खाते, कोणाची छाती खाते, ते विचारा. आपल्या नागापूरच्या एम.आय.डी.सी.त लेथ फिरत आहेत. तेथे मुलांबरोबर मुलींनाही काम शिकावयास धाडा. आणि ‘हे काम तुमचे नव्हे’ असे कोणी म्हणाला, तर त्याची पोथी मागू नका. त्याचे हत्यार मागा. दोष बहुधा हत्यारातच सापडेल.

त्या मुलीला आम्ही शेवटी खरे तेच सांगितले. ती घटकाभर गप्प बसली. मग तिने कुंपणाची एक तार घेतली, दगडाने तिचे टोक वाकवून आकडा केला, भोकातून आत घातला आणि दोरा बाहेर काढला. पहिल्याच खेपेस. ओठ न लावता. तिचा पणजोबा ज्या साच्यावर उभा राहू शकला नाही, त्याचे कोडे तिने शाळेच्या ओट्यावर बसून सोडविले. ज्याच्या पणजोबाचा तो धोटा, तो मुलगा शेजारी बसून कांडी धरीत होता.

आता धोटा फिरून झाला असेल तर परत द्या. उद्या तो वर्गात लागणार आहे.