ट्रेलरचा पिवळा दिवा आणि दोन तारांची तपासणी

घाटाचा उतार, पावसाने ओला झालेला रस्ता आणि मागे जोडलेला रिकामा ट्रेलर या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा होते. ब्रेक जोराने दाबताच रिकाम्या ट्रेलरची चाके जागच्या जागी जखडली जातात. जखडलेले चाक फिरत नाही, नुसते घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाला बाजूचा आधार उरत नाही. मग ट्रेलरचे शेपूट वळून शेजारच्या किंवा समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात शिरते. न्हावाशेवा बंदरातून निघून बोरघाट चढणाऱ्या व उतरणाऱ्या जोडवाहनांच्या संदर्भात हा धोका किती मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हा धोका टाळण्यासाठी चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे ए.बी.एस., प्रचारात आली. अमेरिकेत १ मार्च १९९८ पासून तयार होणाऱ्या, हवेच्या ब्रेकच्या ट्रेलरांना ती सक्तीची झाली. भारतात २०१५ साली जड मालमोटारी आणि मोठ्या प्रवासी गाड्यांना ती आवश्यक ठरली. उसाची वाहतूक करणाऱ्या शेती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांशी या यंत्रणेचा संबंध नाही. येथे विचार आहे तो महामार्गावरील जड ट्रेलरांचा.

यंत्रणेचे तत्त्व अवघड नाही. चाकाच्या हबवर एक दातेरी कडे बसविलेले असते. त्यास बहुधा शंभर दाते असतात. त्याच्या अगदी जवळ आसावर एक सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. दाते समोरून सरकू लागले की वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत एका सेकंदात साडेतीनशेच्या आसपास दाते सेन्सरसमोरून जातात. ही स्पंदने दोन तारांवाटे नियंत्रक पेटीकडे पोहोचतात. एखाद्या चाकाचा वेग एकाएकी कोसळला, तर पेटी त्या चाकाच्या ब्रेकची हवा क्षणभर सोडते व पुन्हा भरते. सारा डोलारा उभा आहे तो या दोन तारांवर.

आणि नेमक्या याच तारा सर्वांत जास्त हालअपेष्टा सोसतात. नियंत्रक पेटी चौकटीला घट्ट बसविलेली असते, तर आस खड्ड्यागणिक वरखाली होतो. या दोहोंमधील वायर सतत वाकते. ती फार ताणून बांधली असेल, तर वरचे आवरण शाबूत राहून आतील तांबे तुटते; फार सैल सोडली असेल, तर टायरला किंवा ब्रेकच्या ड्रमला घासते. त्यात चिखल, पाण्याचा फवारा आणि बंदरावरील खारी हवा. जोडणीच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो.

दोष उत्पन्न झाला की इशाऱ्याचा पिवळा दिवा पेटतो. अमेरिकेतील ट्रेलरांवर तो डाव्या बाजूस मागील भागी असतो. इतरत्र तो चालकासमोरील फलकावर असतो. नेहमीचे ब्रेक मात्र लागतच राहतात, आणि घोटाळा होतो तो येथेच. ब्रेक लागतात ना, मग दिव्याकडे कशाला पाहावयाचे, असा विचार बळावतो. शिवाय आज एका हॉर्समागे तर उद्या दुसऱ्या हॉर्समागे जाणाऱ्या ट्रेलरचा दोष कोणाचाच नसतो. प्रसंगी दिव्याचा बल्बच काढून टाकला जातो. वीज चालू करताच दिवा क्षणभर पेटून विझावयास हवा. तो मुळीच पेटला नाही, तर तेही दोषाचेच लक्षण होय.

अशा वेळी पुष्कळ ठिकाणी आधी सेन्सर बदलला जातो आणि मग विचार केला जातो. वास्तविक एक साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास एवढ्यावर काम भागते. प्रथम चाकांना उटी लावावी व वीज बंद करावी. दिव्याच्या उघडझापीचे संकेत किंवा तपासणी यंत्र ज्या चाकाकडे बोट दाखवील, त्याच्या सेन्सरची जोडणी नियंत्रक पेटीपाशी सोडवून दोन तारांमधील रोध मोजावा. बनावटीप्रमाणे तो साधारण एक ते अडीच हजार ओहम असतो; त्या त्या निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. मीटरने अनंत रोध दाखविला, तर तार तुटलेली आहे. शून्याजवळ दाखविला, तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. त्यानंतर प्रत्येक तार व चौकट यांच्यामध्ये मोजावे. तेथे जोड आढळता कामा नये.

आता हेच मापन सेन्सरजवळच्या जोडणीपाशी करावे. तेथे आकडा बरोबर आणि पेटीपाशी चुकीचा आला, तर सेन्सर निर्दोष असून दोष मधल्या वायरमध्ये आहे. हा एक निष्कर्ष नवा सेन्सर वाचवितो. अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषासाठी मीटर लावून ठेवावा व वायर वितीवितीने हलवीत जावे. जेथे आकडा उडी मारतो, तेथेच तुटलेली जागा. आवरणात सुई खुपसून तपासण्याची सवय मात्र घातक आहे. त्या छिद्रातून शिरलेले पाणी तांब्याच्या धाग्यांतून लांबवर झिरपते आणि काही महिन्यांनी नवाच दोष उभा राहतो.

रोध योग्य असूनही तक्रार कायम राहिली, तर चाक उचलून, खाली पक्के स्टँड लावून, ते हाताने फिरवावे. दोन सेकंदांत एक फेरा या गतीला सेन्सरकडून सुमारे ०.२ व्होल्ट ए.सी. दाब मिळावयास हवा. तो कमी मिळाल्यास सेन्सर व दातेरी कडे यांतील अंतर वाढले आहे. बेअरिंग ढिले असेल, तर डगमगणारे कडे सेन्सरला मागे ढकलते. तेव्हा आधी बेअरिंग नीट करावे. मग सेन्सर कड्याला टेकेपर्यंत बोटाने आत दाबावा. हातोडीचा उपयोग करू नये. प्रत्येक बाजूस वेगळा व्हॉल्व्ह असलेल्या ट्रेलरात डाव्या-उजव्या जोडण्यांची अदलाबदल झालेली नाही ना, हेही पाहावे. आसाचे काम करून आलेल्या गाडीत ही चूक सहज घडते आणि दिवा ती दाखवीलच असे नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांना हा सारा पाठ एक जुना हब, एक सेन्सर व एक मीटर एवढ्या सामग्रीवर देता येईल. एक गोष्ट तेवढी विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावी. सेन्सरचा दोष दूर केल्यावरही अनेक यंत्रणांत उभ्या गाडीचा दिवा विझत नाही. गाडी चालू लागून वेग ताशी सातआठ किलोमीटरच्या पुढे गेला आणि पेटीला सर्व चाकांची स्पंदने मिळाली, म्हणजे मगच तो विझतो. हे ठाऊक नसलेला कारागीर नीट झालेली वायर पुन्हा कापावयास घेतो.