एका होकाराचे तीन अर्थ

मूल बोलू लागले की ‘नाही’ हा शब्द ते फार लवकर आत्मसात करते. ‘हो’ मात्र नीट म्हणावयास माणसाला आयुष्यभर शिकावे लागते. नकाराचा अर्थ सहसा एकच असतो. होकाराचे तसे नाही. समोरचा माणूस ‘हो’ म्हणाला, तर त्याचा एक अर्थ असा की, त्याने आपले म्हणणे ऐकले. दुसरा अर्थ असा की, ते म्हणणे खरे आहे असे त्याला वाटते. आणि तिसरा अर्थ असा की, आपण सांगितले तसे करावयास तो तयार आहे. ऐकणे, पटणे आणि पत्करणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र त्या एकाच शब्दाच्या पिशवीत भरतो आणि मग पिशवीतून भलतेच निघाले म्हणून एकमेकांना दोष देतो.

या तीन अर्थांची फोड एखादी परकी भाषा शिकताना लवकर ध्यानात येते. बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनविणारी औद्योगिक वसाहत आहे. तेथे घडलेले भाग एअरबस या युरोपीय विमानकंपनीकडे जातात, आणि त्या कंपनीचे प्रमुख कार्यस्थान दक्षिण फ्रान्समधील तूलूज या शहरी आहे. ऊस, तंबाखू आणि भाजीपाला यांचा हा मुलूख अशा रीतीने फ्रेंच भाषेच्या शेजारास येऊन बसला आहे. कामानिमित्त ज्याला फ्रेंच माणसाशी दोन शब्द बोलावयाचे असतील, त्याने पहिला शब्द शिकावयाचा तो ‘वी’, म्हणजे ‘हो’.

परंतु त्या एका शब्दावर फ्रेंच माणसाचे भागत नाही. एखादी गोष्ट खरी आहे असे सांगावयाचे असेल तर तो ‘वी’ म्हणतो, अथवा ‘से व्रे’, म्हणजे ‘ते खरे आहे’, असे म्हणतो. एखादा बेत मान्य असेल तर तो ‘दाकोर’ म्हणतो. ‘उद्या आठ वाजता भेटू’ याला उत्तर ‘दाकोर’. हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याच्या मुळाशी ‘हृदय’ आहे. दोन हृदये जुळली म्हणजे ‘दाकोर’ झाले. आपल्याकडे ‘मन मिळणे’ म्हणतात ते याहून फारसे दूर नाही. आनंदाने काही पत्करावयाचे असेल तर ‘वोलोंतिये’, म्हणजे ‘खुशीने’. आणि घरगुती बोलण्यात ‘सा मार्श’. त्याचा शब्दशः अर्थ ‘ते चालते’. निपाणीच्या बाजारात सौदा ठरताना ‘चालेल’ हाच शब्द कानी पडतो. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन माणसे संमती देताना एकाच क्रियापदाचा आधार घेतात, ही गोष्ट गमतीची खरी.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण होते ती नकारार्थी प्रश्नापाशी. ‘तुम्ही उद्या येणार नाही ना?’ असे विचारले असता मराठी माणूस उत्तर देतो, ‘हो, येणार नाही.’ कन्नड माणूसही बहुधा तसेच बोलतो. विचारणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, असा त्या होकाराचा अर्थ. आपला ‘हो’ माणसाच्या म्हणण्याकडे पाहतो; फ्रेंच होकार घडणाऱ्या गोष्टीकडे पाहतो. यावयाचे नसेल तर फ्रेंच माणूस सरळ ‘नों’, म्हणजे ‘नाही’ म्हणतो. यावयाचे असेल, तर अशा वेळी तो ‘वी’ म्हणत नाही. तेथे ‘सी’ असा निराळाच शब्द लागतो. ‘तुम्ही नाही म्हणता, पण मी येणार आहे’ एवढे सारे त्या एका अक्षरात सामावते. नवशिक्याने तेथे ‘वी’ म्हटले, तर ऐकणारा गोंधळतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो.

होकाराच्या शब्दाला फ्रान्सच्या इतिहासात मोठा मान मिळालेला आहे. मध्ययुगात त्या देशाच्या उत्तरेकडील लोक ‘हो’ या अर्थी ‘ओईल’ म्हणत आणि दक्षिणेकडील लोक ‘ओक’ म्हणत. त्यावरूनच दोन्ही बोलींना नावे पडली. दक्षिणेतील एका विस्तीर्ण प्रांतालाही ‘लांगदोक’, म्हणजे ‘ओक’ची भाषा, असेच नाव मिळाले. इटालियन महाकवी दान्ते याने चौदाव्या शतकाच्या आरंभी लोकभाषांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यातही दक्षिण युरोपातील भाषा ओळखण्याची खूण म्हणून त्याने ‘हो’ याच अर्थाचे शब्द घेतले. आजचा ‘वी’ हा त्या उत्तरेकडील ‘ओईल’चाच वंशज होय.

हीच कसोटी सीमाभागाला लावली तर काय दिसते? येथे मराठी माणूस ‘होय’ अथवा ‘व्हय’ म्हणतो आणि कन्नड माणूस ‘हौदु’ म्हणतो. एक भाषा आर्य कुळातील, दुसरी द्राविड कुळातील. तरीही ‘होय’ हा शब्द ‘होणे’ या क्रियापदापासून आला, आणि ‘हौदु’ हा शब्दही त्याच अर्थाच्या ‘आगु’ या धातूपासून आला. वडीलधाऱ्या माणसाला नुसते ‘हौदु’ म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून त्याला आदराचा ‘री’ जोडून ‘हौद्री’ म्हणतात. बेत मान्य असेल तर ‘आत्री’, म्हणजे ‘झाले, तसे करू’. ‘खरे आहे’ आणि ‘मान्य आहे’ यांतील जो भेद फ्रेंच माणूस ‘वी’ आणि ‘दाकोर’ या शब्दांनी दाखवितो, तोच बेळगावचा भाजीवाला ‘हौद्री’ आणि ‘आत्री’ या शब्दांनी दाखवितो. त्यासाठी त्याला कोणत्याही शाळेत जावे लागत नाही.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून चालत आलेला वाद सर्वांस ठाऊक आहे. त्या वादात कोणी काय मान्य केले आणि कोणी काय अमान्य केले, हा आजचा विषय नव्हे. परंतु दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या साध्या माणसाला होकाराचे मोल रोजच द्यावे लागते. एखादा मराठी शेतकरी कचेरीत जातो. समोरचा कारकून कन्नडमध्ये काही सांगतो. शेतकरी मान हलवून ‘हौद्री’ म्हणतो. त्याच्या मनात असते, ‘साहेब, ऐकले.’ कारकून समजतो, ‘याला सर्व मान्य आहे,’ आणि कागद पुढे सरकवितो. कोल्हापूरच्या इस्पितळात गेलेल्या कन्नड मजुराची गतही याहून वेगळी नसते. डॉक्टर मराठीत विचारतात, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ तो ‘होय’ म्हणतो, कारण ‘कळले नाही’ असे म्हणण्याचा त्याला संकोच वाटतो. दोन्ही ठिकाणी लबाडी कोणीच केलेली नसते. ‘ऐकले’ या अर्थाचा होकार ‘पटले’ आणि ‘पत्करले’ या अर्थांनी घेतला गेला, एवढेच घडते. परंतु एवढ्यानेच एकाची जमीन अडचणीत येते आणि दुसऱ्याचा आजार बळावतो.

शाळेतही नित्य हेच चालते. शिक्षक विचारतात, ‘समजले का?’ सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या सुरावर जो शिक्षक विसंबतो, त्याला सत्य कळते ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून. तेथे ‘समजले का?’ असे न विचारता ‘काय समजले ते सांगा’ असे म्हणणे अधिक श्रेयस्कर.

आपल्या मराठीने हे धोके फार पूर्वी ओळखले आहेत. कथा ऐकणाऱ्याने मधूनमधून द्यावयाचा तो हुंकार. खरी संमती द्यावयाची तो होकार किंवा रुकार. दुसऱ्याच्या सुरात सूर मिळविणे म्हणजे री ओढणे. विचार न करता मान्यता देणे म्हणजे नुसते ‘मम’ म्हणणे. आणि ज्याला नकार ठाऊकच नाही तो होयबा. इतके बारकावे ज्या भाषेत आहेत, तिच्या लोकांनी सर्वत्र एकच ‘हो’ वापरावा हे तिच्या वैभवाला शोभत नाही.

यांतील सर्वांत गंभीर चूक मात्र शब्दाची नसून मौनाची आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे सहज उच्चारले जाते आणि त्याचा भार बहुधा घरातील मुलीवर पडतो. स्थळ येते, पाहुणे चहा घेतात, मुलगी खाली मान घालून बसते. ‘तिचे काही म्हणणे नाही’ असे वडीलधारे सांगतात आणि सुपारी फुटते. फ्रान्समध्ये १८०४ सालच्या नागरी संहितेने स्पष्ट सांगितले की, संमती नसेल तर विवाहच नाही. तेथे नगरभवनात वराला आणि वधूला वेगवेगळे विचारतात आणि प्रत्येकाला आपल्या तोंडाने ‘वी’ म्हणावे लागते. ख्रिस्ती मंदिरातील विवाहातही दोघांची संमती उघडपणे घेतली जाते. अर्थात, मोठ्याने उच्चारलेला होकारही धाकाचा असू शकतो. म्हणून विचारणाऱ्याने प्रश्न असा विचारावा की, ‘नाही’ म्हणण्याची वाट मोकळी राहील.

तात्पर्य, होकाराबरोबर त्याचे क्रियापदही उच्चारावे. ‘हो, ऐकले.’ ‘हो, पटले.’ ‘हो, करतो.’ आणि कळले नसेल तर ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा संकोच धरू नये. बेळगावच्या पेठेत असो, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत असो की तूलूजच्या कारखान्यात असो, असे बोलणाऱ्या माणसाचा शब्द लोक विश्वासाने घेतात. आणि ज्या घरात मुलीला ‘नाही’ म्हणता येते, त्याच घरातील तिच्या ‘हो’ला काही अर्थ असतो.