मक्याची रोटी

श्रोतेहो, पंजाबांत थंडी पडूं लागली कीं घरोघरीं मक्याच्या पिवळ्या रोटीचा बेत होतो. आपल्या भाकरीची ही बहीणच म्हणावयास हरकत नाहीं. गव्हाच्या कणकेंतला चिकटपणा मक्याच्या पिठांत नसतो. म्हणून लाटण्याचें येथें फारसें चालत नाहीं. ऊन पाण्यांत पीठ कालवावयाचें, तळहातानें चांगलें रगडावयाचें, हातावर थापावयाचें आणि अलगद तव्यावर टाकावयाचें. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या गृहिणीस हें कसब नव्यानें शिकावें लागणार नाहीं.

रोटीबरोबर सरसोंचा साग हवाच. मोहरीचा कोंवळा पाला, त्यांत थोडा पालक व चाकवत, असें सारें मंद आंचेवर पुष्कळ वेळ शिजवून घोटतात आणि मक्याच्याच पिठाचें आळण लावून दाट करतात. वर लोण्याचा गोळा, शेजारीं गुळाचा खडा आणि ताकाचा पेला.

हा थाट केवळ जिभेच्या लाडासाठीं आहे काय? मका मूळचा अमेरिकेंतला. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचल्यानंतर तो इतर खंडांत पसरला. मेक्सिकोंतील बायका मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून मग वाटतात. धान्य जहाजावर चढलें, पण ही युक्ति मागेंच राहिली. स्पेन, इटली या देशांत ज्या गरिबांस मक्यावांचून दुसरें अन्न मिळेना, त्यांना पेलाग्रा नांवाचा रोग जडला. कातडी सोलवटे, पोट बिघडे, शेवटीं बुद्धिभ्रंश होई. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं त्याचें वर्णन केलें. परंतु नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेनें तो होतो, हें कळावयास १९३७ साल उजाडावें लागलें. मक्यांत हें सत्त्व असतें, पण चुन्याच्या संस्कारावांचून तें शरीरास नीटसें लाभत नाहीं.

पंजाबांतील माउलीला हें रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. तिच्या घरीं दूधदुभतें मात्र होतें. दुधाताकांतील प्रथिनांपासून शरीर हें सत्त्व स्वतः तयार करूं शकतें. ज्याला आपण तोंडीलावणें म्हणतों, तेंच या जेवणाचें खरें बळ होय.

तेव्हां श्रोतेहो, ही रोटी एखादे दिवशीं अवश्य करून पाहावी. परंतु ज्याच्या ताटांत ताक नाहीं, पाला नाहीं, नुसती रोटी आणि मीठ आहे, त्याचें पोट भरलें म्हणजे पोषण झालें, असें आपण मानूं नये. धान्य दिलें तरी अन्न देणें अजून बाकी उरतें.