आठ भागांची कादंबरी

मेरी ॲन इव्हान्स या बाईंनी ‘जॉर्ज इलियट’ या पुरुषी नावानं लिहिलेली ‘मिडलमार्च’ ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. एक भाग वाचायचा, पुढच्याची वाट बघायची. आपल्या वाचनकट्ट्यानंही तसंच केलं, महिन्याला एक भाग.

खरी जुंपली ती कॅसॉबनच्या मृत्युपत्रावरून. आपल्यामागे डोरोथियानं लॅडिस्लॉशी लग्न केलं तर तिला इस्टेट मिळणार नाही, अशी अट नवरा घालून जातो. काही जण म्हणाले, “पैसा त्याचा, मर्जी त्याची.” तेव्हा एरवी नुसत्या ऐकणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “अहो, माणूस गेला आणि संशय मागे ठेवून गेला. बायकोनं तो जन्मभर सांभाळायचा का?” सगळे गप्प. मग एक सूनबाई म्हणाल्या, “डोरोथिया इस्टेट सोडू शकली, कारण तिचे माहेरचे वर्षाला सातशे पौंड होते. नसते तर?”

त्या रात्री दोन-तीन घरांत नॉमिनेशनचे कागद बाहेर निघाले म्हणे! पार्किंगवरून आपण पंचवीस वर्षं बोलतोच आहोत. हेही बोलू या. कट्ट्यावर जरूर या. पुस्तक वाचून झालं नसलं तरी चालेल.