आधी विचारावे, मग हात लावावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जी गोष्ट आपण माजघरात कुजबुजतो, ती आज इथे मोठ्याने बोलावी असे मनात आले.

आमच्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आली. त्यांना एका रुग्णालयात नेले. तपासताना पलंगाभोवती सात-आठ शिकाऊ मुले-मुली उभी राहिली. ‘ही थांबली तर चालेल का?’ असे कोणी विचारले नाही, की पडदा ओढला नाही. जाऊबाई घरी आल्या त्या गप्पच. पुढे सात महिने त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. दुखण्यापेक्षा लाज मोठी झाली.

शेवटी मीच त्यांना दुसरीकडे घेऊन गेले. तिथल्या शिकाऊ मुलीने आधी स्वतःचे नाव सांगितले, पडदा ओढला, मला जवळ उभे केले आणि म्हणाली, “काकू, मी अजून शिकते आहे. मी तपासले तर चालेल ना? नको असेल तर मोठ्या डॉक्टरबाईंना बोलावते.” जाऊबाईंनी मान हलवली. उपचार सुरू झाले. पण ते सात महिने काही परत आले नाहीत.

ही रीत उपजत येत नाही, शिकवावी लागते. आपल्या पंचवटीजवळ म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ते १९९८ साली स्थापन झाले. २०१९ पासून देशभर एम.बी.बी.एस.च्या मुलांना वागणूक, नीती आणि संवाद यांचेही धडे पहिल्या वर्षापासून दिले जातात. रुग्णाशी गैर संबंध ठेवणाऱ्या डॉक्टरवर कारवाई व्हावी, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासताना दुसरी स्त्री जवळ असावी, हा हक्क मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत आहे.

हे काही नवे खूळ नव्हे. रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावले आहे. स्त्रीने दिलेली वस्तू तिच्या पतीच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून घेऊ नये, असेही तिथे आहे. आज मात्र संमती विचारायची ती त्या बाईचीच, एवढा फरक आपण करून घ्यावा.

मर्यादा आपल्यालाही आहे. शेजारीण कशासाठी आली होती, हे डॉक्टरांना विचारू नये. शिकाऊ मुलगा लेकासारखा वाटला, तरी साध्या चौकशीसाठी रात्री त्याच्या घरी फोन करू नये. आणि त्याने नीट विचारले, तर उगाच झिडकारू नये. आपण साऱ्याच नको म्हणालो, तर ही मुले शिकणार कुठे?

पण ‘नको’ म्हणावेसे वाटले, तर ते स्पष्ट म्हणावे. ते शब्द जाऊबाईंना त्या दिवशी सुचले नाहीत, आणि जवळ असून मलाही सुचले नाहीत. तुम्हांला ते सुचावेत, म्हणून हे दोन शब्द बोलले.