परमुलुखातील पहिले दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी नोकरीस जाणाऱ्या तरुणांना उपयोगी पडेल असे काही सांगावे, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच. २०१८ च्या नोव्हेंबरात अभियंता म्हणून मी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी गेलो. तेथे पहिल्या दिवसांत जे भोगले व जे शिकलो, तेवढेच प्रांजळपणे निवेदन करतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. परंतु शनिवारी रात्री एकट्याने उतरणाऱ्या माणसाला तेवढे नाते पुरत नाही.

दुसरा दिवस रविवारचा. रविवारी तेथे बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात, हे मी वाचले होते. पण वाचलेले निराळे आणि पोटाला कळलेले निराळे. आईने दिलेले लाडू आणि मेतकूट जवळ होते; भात मात्र तांदळाविना कसा होणार? जिन्यात भेटलेल्या एका शेजाऱ्यांनी माझी मुद्रा पाहिली आणि रेल्वेस्टेशनातील दुकाने उघडी असतात असे सांगून मला तेथवर पोहोचविले. हे गृहस्थ तुर्की वंशाचे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, त्यानंतर तेथे गेलेल्या असंख्य कामगारांपैकी त्यांचे वडील एक होते. "वडिलांना असे कोणी भेटले नव्हते," एवढेच ते म्हणाले.

पुढचा आठवडा कागदपत्रांचा. नव्या जागेत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नोंद करावी लागते आणि तीसाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. ही नोंद झाली म्हणजे अकरा अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो. आरोग्यविमा सक्तीचा असतो. घरभाड्याची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, म्हणजे पहिला पगार हाती येण्यापूर्वीच खिसा रिकामा होतो.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. तेथील पत्त्यात सहसा खोलीचा क्रमांक नसतो. टपालवाला पेटीवरील नाव पाहून पत्र टाकतो. माझ्या पेटीवर जुन्या भाडेकरूचेच नाव राहिले होते. ते बदलण्याचे मला सुचले नाही आणि करक्रमांकाचे पत्र परत गेले. परिणामी पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला गेला. तो पुढे हिशेबात परत मिळाला, हे खरे. पण धाकट्या बहिणीच्या महाविद्यालयाचा हप्ता त्याच पगारातून मी पाठविणार होतो. आईशी दूरध्वनीवर बोलताना, "कचेरीच्या कामामुळे उशीर होतो आहे, बाकी सर्व उत्तम," असे मी सांगितले. तिकडे पाच वाजण्यापूर्वीच अंधार पडे, आणि मी फोन करी तेव्हा आमच्या घरी रात्रीचे दहा वाजून गेलेले असत. पुढे दीड वर्षाने घरी आलो तेव्हा कळले, की वडिलांनी तो हप्ता पतपेढीतून उचल घेऊन भरला होता आणि मला कळवू नका अशी सर्वांना ताकीद दिली होती. त्यांना चिंता नको म्हणून मी खोटे बोललो आणि मला चिंता नको म्हणून त्यांनी खरे लपविले. जाणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की पहिल्या महिन्यात घरी खरे सांगा. घरच्यांनीही ते ऐकण्याची तयारी ठेवावी.

त्या प्रांतात 'केरवोखे' नावाची प्रथा आहे. इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना व दारापुढील वाट झाडावयाची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. शब्दातील 'केर' आपल्या केरासारखा ऐकू येतो, याची मला मौज वाटली. माझ्या दारावर ती पाटी प्रथम लागली त्या दिवशी, उच्चविद्याविभूषित म्हणून येथे शाल-श्रीफळ घेऊन गेलेला मी, हाती झाडू घेऊन उभा राहिलो. शेजारी जाता जाता हसून म्हणाले, "आता तुम्ही येथले झालात." पाटीने आम्हा दोघांत भेद केला नव्हता.

शेवटी मंडळास नम्र सूचना. आपण परदेशी जाणाऱ्यांचा सत्कार करता, तो अवश्य करावा. त्याबरोबरच पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी बिनव्याजी कर्जाची सोय करावी. जे आधी गेले आहेत त्यांची देशवार यादी ठेवावी. रविवारी कोणी विचारले तर उत्तर देण्याचे त्यांनी वचन द्यावे. आणि विचारणारा आपल्या ज्ञातीचा नसला तरीही उत्तर द्यावे. मला तांदळाच्या दुकानापर्यंत नेणाऱ्या गृहस्थांनी माझी ज्ञाती विचारली नव्हती. त्यांना ती सांगितली असती तरी कळली नसती.